काशीत सोडलेला आंबा

थांबा, थांबा गुणवंताबाई. हात थांबवा जरासक. मडकं कुठं पळून नाही चाललं. काय म्हटलं तुम्ही आत्ता? — नाही नाही, रोटीचं नाही, पहिली रोटी सगळ्यायचीच फाटते, माझी त वर्षभर फाटत होती, सासू म्हणे कला, ही रोटी आहे का गोधडीची चिंधी. त्याच्या आधीचं म्हणून राहिली मी. तुम्ही म्हटलं, व्याही लोधीखेड्याचे आहेत, त्यायले पंगतीत रस अन् लांब रोट्याच पाहिजे, अन् रघुनाथभाऊले पण रसासंग ह्याच रोट्या लागतेत, दरसाली आमच्याकडे पोटभर खातेत. असंच म्हटलं न? आता रघुनाथभाऊ मतलब आमचेच हे. पांढुर्ण्याहून दुसरा कोणी रघुनाथ तुमच्या तिगावले जात असन त मले नाही माहीत. अन् रस मतलब कशाचा रस? — उसाचा? मे महिन्यात रोटीसंग उसाचा रस कोण खाते व बाई? खोटं बोलाले पण घरून तयारी करून या लागते.

नाही, रागावली नाही मी. कायले रागावीन? तुम्ही पाहुण्या, पहिल्यांदा माझ्या घरी आल्या, पोरीचं लग्न आठ दिवसावर आलं, शिकाले आल्या त शिकून जा. हात ओला करा. कणीक अजून आपटा परातीत — अशी नाही, अशी, उचलायची अन् आपटायची, तार सुटली पाहिजे तिची. मंग ह्या हातावरून त्या हातावर घ्याची, कोपरापर्यंत लांबू द्याची, अन् अशी ह्या उलट्या मडक्यावर पांघरूण टाकल्यासारखी टाकायची. पाहिलं? भ्यायचं नाही. जो हात भेला त्याची रोटी फाटली. जाळ खालून बारीकच ठेवा. — तर मी काय म्हणून राहिली होती, हे तुमच्याकडे रस खातेत. आमच्याच झाडाच्या आंब्याचा. ह्याच शेप्याचा, तुम्ही आंगणात पाय ठेवल्याबरोबर विचारलं न, ताई वास कशाचा सुटला एवढा, तर त्याच झाडाचा, त्याच्या आंब्याले शेपूसारखा वास आहे म्हणून शेप्या. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या खांद्याएवढं होतं ते. मीच पाणी घातलं त्याले. अन् मीच दर शनिवारी, हे तिगावच्या शेतावर जाले निघाले का, थैलीत आंबे भरून देते, फडक्यात रोट्या बांधून देते. म्हणते, हिरामणभाऊच्या लेकरायले द्या, त्यायच्या रेल्वेच्या क्वाटरले झाड नाही, अन् गुणवंताबाईले लांब रोट्या जमत नाही. मीच म्हणते. मतलब रोटी माझ्या हातची, आंबा माझ्या झाडाचा, अन् ताट मात्र तुमच्या घरचं.

तुम्हाले माहीत नव्हतं, हे मी मानते. सकाळी तुम्ही मले विचारलं, ताई तुम्ही नाही घेत का रस, मी म्हटलं मी काशीले सोडला. तुमचा चेहरा उतरला जरासा, मले वाटलं माझी कीव आली तुम्हाले. पण मी एकटीनं सोडला असंच समजलं तुम्ही. दोघायनं सोडला, गुणवंताबाई. दोघायनं. एकाच घाटावर, एकाच पाण्यात, एकाच दमात. त्यायनं तुम्हाले सांगतलं नाही? नाही सांगतलं. कसं सांगतीन, तोंडात घास होता न.

ऐका मंग. आता निघालंच आहे त ऐकूनच घ्या, रोटी उलटवाची नसते, एकाच अंगानं शिजते, तुम्ही फक्त तिच्यावर लक्ष ठेवा. आमची सुधा गेली त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. सुधा माहीत आहे न तुम्हाले — हं, माहीत आहे म्हणून मान हलवून राहिल्या, कशी माहीत आहे ते मंग विचारते. तर सासूनं हट्ट धरला काशीचा. आम्ही तिघं गेलो. तिथं रीत असते, घाटावर पंड्या विचारते, माई, एक फल छोड़ो, एक साग छोड़ो, मंग जे सोडलं ते जन्मभर खायचं नाही. लोक मोठे हुशार असतेत. माझ्या सासूनं कारलं सोडलं, जिनं जन्मात कारल्याचा तुकडा तोंडात घातला नव्हता, अन् फळ कोणतं त म्हणे कवठ, दात नव्हते तिले, कवठ कशानं खाईन. पंड्याले पण सवय असन, त्यानं मुकाट्यानं पाणी सोडलं. मंग माझी पाळी. मी म्हटलं, आम. सासूनं मले चिमटा घेतला, म्हणे येडी का, घरी झाड आहे. मी म्हटलं, म्हणूनच. माझ्या लेकरानं मरतावेळी आंबा मागतला अन् तिले भेटला नाही, मी कोणत्या तोंडानं खाऊ? हे बाजूले उभे होते. पंड्यानं विचारलं, और आप? मले वाटलं जांभूळ-गिंभूळ काही सांगतीन. तर त्यायनं माझ्या ओंजळीखाली आपला हात धरला, असा, अन् म्हटलं, मेरा भी वही, महाराज. मी काय सांगू तुम्हाले. ह्या माणसानं लग्नापासून मले एक गोड शब्द नव्हता बोलला, रागीट नाही, पण मुका, बैलासंग बोलन पण बायकोसंग नाही. अन् त्या दिवशी ओंजळीखाली हात धरला. मले वाटलं, माझी पोरगी गेली, पण माझा नवरा मले भेटला.

तेव्हापासून हा आंबा आमच्या घरी सगळे खातेत, आम्ही दोघं नाही. कुटारात पिकाले मीच घालते, मीच काढते, मीच पिळते, देराचे पोट्टे कोपरापर्यंत हात भरवून खातेत, अन् आम्ही दोघं मागच्या ओट्यावर जाऊन बसतो. रोटी अन् दूध-गूळ. समोरासमोर. तिकडे आतमधी सगळा गोंधळ, रस वाढा, रस वाढा, अन् इकडे आमचं चुपचाप. हे रोटीची घडी मोडतेत, अर्धी माझ्या ताटात टाकतेत. बोलत काहीच नाही. सुधाचं नाव त्यायनं ह्या घरात इतक्या वर्षात एकदाही काढलं नाही, एकदाही नाही, पण मी म्हणे, बोलाले कायले पाहिजे? दोघायच्या पोटात एकच दगड आहे, तो काय काढून दाखवाचा? बाया उन्हाळ्याले कंटाळतेत, मी वर्षभर उन्हाळ्याची वाट पाहो. हसू नका. खरंच सांगून राहिली. आमचं दोघायचं म्हणून तेवढंच होतं. बाकी संसार काय, तो सगळ्यायचाच असते.

काढा, काढा ती रोटी, करपली. — राहू द्या, गाईले होईन.

आता सांगा. कवापासून? — खाली काय पाहून राहिल्या, राखेत लिहिलं आहे का? एशियाडच्या साली तुम्ही तिगावच्या क्वाटरात आल्या, त्याच उन्हाळ्यापासून? मतलब पहिल्या सालापासून. वा. अन् तुमचे हिरामणभाऊ असतेत न घरी तेव्हा? नाही, तसं नाही म्हणून राहिली मी. तुम्हाले बोल नाही लावत. तुमचं वय अन् तुमचे गुडघे पाहून मी तसं कायले म्हणीन. मले हसू येऊन राहिलं, तसं असतं न गुणवंताबाई, त मी दोन दिवस रडली असती, ह्यायले चार शिव्या दिल्या असत्या, तुमच्या दारात येऊन तमाशा केला असता, अन् झालं असतं मोकळं. त्याची रीत माहीत आहे बाईले. ह्याची रीत कुठून आणू? नवऱ्यानं दुसरी बाई केली त चार जणी येऊन जवळ बसतेत. नवऱ्यानं आंबा खाल्ला म्हणून कोणाच्या गळ्यात पडू? लोक म्हणतीन, खाल्ला त खाल्ला, माणूसच आहे. तुमच्या मनात पण तेच चाललं आहे, दिसून राहिलं मले.

अन् मी पण कशी. शनिवारी घरी आले का मिशीले शेप्याचा वास येये. एकदा नाही, कितीकदा. मी म्हणे थैलीचा असन. एकदा त सदऱ्याच्या बाहीवर पिवळा डाग होता, मी धुतला, घासून घासून धुतला, अन् स्वतःलेच म्हटलं, हिरामणभाऊचं लहानं पोट्टं मांडीवर बसलं असन. पाहा. मीच डाग धुवो अन् मीच पोट्टं बसवो मांडीवर. अन् त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून दूध-रोटी खाये हा माणूस, माझ्यासमोर, माझ्याच ताटात अर्धी रोटी टाकून. आपलेच दात अन् आपलेच ओठ, बोंबलाचं कोणासमोर?

काय? — नाही, काय म्हटलं? सरळ तोंडात नाही घालत? मतलब? — आधी एक फोड पानावर काढून ठेवतेत. बरं. कोणासाठी? — सुधासाठी.

सुधाचं नाव घेतेत? तुमच्यासमोर?

बसा. खाली बसा, मडकं उतरवते मी. राहू द्या रोट्या. मले सांगा काय म्हणतेत. सगळं सांगा, आता मधातच अर्धं गिळाचं नाही. — हं. — हं. कोय चोखता चोखता रस कोपरावरून गळे अन् ती कोपर चाटे, हो, चाटे ती. कोपर तोंडापाशी येत नाही म्हणून मान अशी वाकडी करे. हे सांगतलं त्यायनं? हसून सांगतलं? — अन् कोयीले केस असतेत म्हणून तिले म्हातारा म्हणे, हो. दाढीवाला म्हातारा. मी विसरूनच गेली होती. बाप्पा, मी विसरली होती हे. — अन् काय? पडलेला आंबा पहिले आपण चाखून पाहे अन् आंबट निघाला त बापाले दे, गोड निघाला त... हे मले नाही माहीत. हे त्या दोघायचं असन. बाप-लेकीचं. पाहा, मले नाही माहीत अन् तुम्हाले माहीत आहे. माझ्या पोटची पोरगी, अन् तिची गोष्ट मी तिगावच्या बाईच्या तोंडून ऐकून राहिली.

पाणी नको मले. मी ठीक आहे.

मी इथं म्हणत होती का दोघायच्या पोटात एकच दगड आहे. माझा दगड राहिला न माझ्यापाशी. ह्यायनं आपला दर शनिवारी तुमच्या क्वाटरात नेऊन उतरवला, हसले, रडले — रडतेत पण? — रडतेत. हं. अन् हलके होऊन घरी आले, अन् माझ्यासमोर मुके बसले. आंब्याचं मी माफ केलं असतं बाई. जिभेचं काय, जीभ घसरते. पण माझ्या सुधाले हा माणूस थैलीत घालून तुमच्या घरी घेऊन गेला. मले ठेवलं काय, त नुसतं मौन. केसानं गळा कापला माझा. आठ-नऊ वर्षं मी समजून राहिली का तो गप्प आहे मतलब तो माझ्यासंग आहे.

विचारलं नाही तुम्ही कधी, घरी काहून नाही बोलत म्हणून? — विचारलं. मंग? — मंग काय म्हटलं? — गुणवंताबाई, आता मागं नका सरू. एवढं बोलल्या त तेही बोला. — "कलासमोर एक गोष्ट काढली त दुसरी पण काढा लागन." दुसरी कोणती? — कोणती दुसरी? तुम्हाले शपथ आहे, ज्या पोरीचं लग्न करून राहिल्या तिची शपथ आहे.

काय दिलं?

पुन्हा सांगा. हळूच सांगा, पण पुन्हा सांगा.

ती गेली त्या दिवशी दुपारी. मी देवळात गेली होती तेव्हा. हो, मी गेली होती, हगवणीनं पडली होती ती, डॉक्टरनं सांगतलं होतं मीठ-साखरेचं पाणी अन् भाताची पेज, फळ बिलकुल नाही, अन् घरात त्याच वेळी कुटारातले आंबे पिकले होते, सगळ्या घरात वास, पोरगी डोळे मिटून पडली होती पण नाक मिटता येत नाही न. माय, आंबा. माय, आंबा. ह्यायनंच टोपली उचलून गोठ्यात नेऊन ठेवली, वास जावा म्हणून. मी तिले म्हटलं, बरी झाली का अख्खं झाड तुझं. मंग मी देवीले नवस बोलाले गेली. अन् मी तिकडे गेली, अन् ह्यायनं गोठ्यातून आंबा आणला. — बोटावर घेतला? बोटावर रस घेऊन तिच्या ओठाले लावला. — चाटला तिनं? — तुम्हाले नाही माहीत? कसं नाही माहीत? सगळं माहीत आहे तुम्हाले, म्हातारा माहीत आहे, कोपर माहीत आहे, अन् हे नाही माहीत? — एवढंच सांगून रडाले लागले. पुढं नाही सांगतलं.

मी परत आली तेव्हा होती ती. संध्याकाळपर्यंत होती.

मले सांगतलं नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याले नाही, काशीले नाही. अहो, घाटावर मी ओंजळीत गंगेचं पाणी धरून म्हणून राहिली होती का माझ्या लेकराले आंबा भेटला नाही, अन् ह्या माणसाचा हात माझ्या हाताखाली होता, अन् त्याले माहीत होतं का तिच्या ओठाले लागला आहे. तेव्हा नाही बोलला. म्हटलं काय, मेरा भी वही, महाराज. इतकी वर्षं मी पोरीले उपाशी समजून राहिली. कोणाच्याही लेकरानं आंबा मागतला का मी धावून देते, लोक म्हणतेत कलाबाई मोठी दिलदार. दिलदार कायची, मले वाटे तिलेच देऊन राहिली. अन् ह्यायले एका शब्दात मले सोडवता आलं असतं. एका शब्दात.

हो, माहीत आहे काहून नाही सांगतलं. तुम्ही नका सांगू, मी ओळखते त्यायले. भेले. कला म्हणन तुमच्या बोटानं पोरगी गेली. — म्हटलं असतं मी? काय माहीत. म्हटलं पण असतं. त्या वेळेस म्हटलं असतं, छाती बडवून म्हटलं असतं, सगळी पेठ गोळा केली असती. अन् मंग? मंग थकली असती न कधीतरी. मंग त्याच जागी बसून दोघं रडलो असतो. त्याच ओट्यावर. ते नाही भेटलं मले. ते तुम्हाले भेटलं, गुणवंताबाई, तुमच्या हिरामणभाऊले भेटलं, त्या रेल्वेच्या क्वाटरातल्या भिंतीले भेटलं. माझा हिस्सा होता तो. — म्हणे कला मोडन. असं म्हणतेत? मोडलेली दिसून राहिली का मी तुम्हाले? मी तिले आंघोळ घातली, शेवटची. हे बाहेर ओट्यावर बसले होते. कोण मोडलं होतं त्या दिवशी?

तुम्ही का रडून राहिल्या? तुम्ही नका रडू. घरी लग्न आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, खा मंग आता, सुटल्या तुम्ही, पोरीले भेटलाच होता आंबा. म्हटलं नाही, पण म्हणाल. त्या पातेल्यात रस झाकून ठेवला आहे, हात लांबवला का झालं. पण मले कसं समजन? ओठाले लागला, एवढंच त तुम्ही सांगतलं. ओठाले लागून काय होते? गिळला का तिनं, का थुकला, का तशीच पडून राहिली, डोळे उघडले का, बापाकडं पाहिलं का? हे एकाच माणसाले माहीत आहे, अन् तो माणूस—

आले. फाटकाची कडी वाजली. सायकल टेकवून राहिले झाडाले.

उठा गुणवंताबाई. नाही, बसू नका, उठा. ह्या रोट्या घ्या, कणीक भिजवायचं समजलंच तुम्हाले, बाकी सवयीनं येते. लग्नाले मी येईन, नाही आली त समजून घ्या. मागच्या दारानं जा, गोठ्याच्या बाजूनं, पाच वाजताची गाडी भेटन तुम्हाले. — नाही, थांबू नका. तुम्ही समोर असल्या का हे हसतीन, म्हणतीन वहिनी कवा आल्या, अन् बोलाले लागतीन. तुमच्यादेखत बोलता येते त्यायले. मले तुमच्यादेखत नाही ऐकायचं. माझ्यावर काही उपकार करायचे असतीन त एवढेच करा, जा. अन् आतापासून शनिवारी त्यायले ताट नका वाढू. जा म्हटलं न बाई. दार लोटून घ्या.

— आले का? पाय धुवून घ्या. — कोणी नाही. गुणवंताबाई होत्या तिगावच्या, गेल्या आत्ता, रोट्या शिकाले आल्या होत्या. — हो, सांगतलं त्यायनं. सगळं सांगतलं.

उभे काहून आहात? बसा. — नाही, दूध नाही आणून राहिली मी. तुम्ही बसा आधी. माझ्याकडं पाहा. मी ओरडून नाही राहिली, पाहा. मी काहीच म्हणणार नाही. फक्त एवढं सांगा.

गोड लागला होता का तिले?